डबा कोणाचा, हात कोणाचा

आमच्या अकोले तालुक्यातून मुंबईला दोन माणसं गेली. एक डोंगराकडच्या मराठ्याचा पोरगा, दुसरा महारवाड्यातला. दोघंही घाट उतरून घोटी-इगतपुरीला आले, तिथनं आगगाडीत बसले. दोघांच्या फडक्यात नाचणीची नाहीतर बाजरीची भाकर होती. मुंबईत उतरल्यावर एकाच्या डोक्यावर जेवणाच्या डब्यांची पाटी आली. दुसऱ्याच्या वाट्याला गिरणीचं रिंग खातं, गोदीतली हमाली नाहीतर रस्त्यावरचा झाडू आला. तालुका एक, गाडी एक, पोटातली भूक एक. मग ओझी वेगळी का?

हे मला समजून घ्यायचंय. मी इतिहासाचा मास्तर नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो, पाळी संपली की वाचतो. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता, 1982 चा संप फुटल्यावर गावाकडं परतला. आजी अजून आहे. तिनं सांगितलेलं आणि पुस्तकात वाचलेलं शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा जे दिसलं ते लिहितोय.

पहिल्यांदा डबेवाल्याचं सांगतो. त्याची गोष्ट आता जगाला पाठ आहे. 1890 च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं, असं डबेवाल्यांची संघटना सांगते. एका पारशी गृहस्थाला दुपारी कचेरीत घरचं जेवण पाहिजे होतं, तिथून सुरुवात झाली अशी ती गोष्ट. पुढं माणसं वाढली, टोळ्या झाल्या, टोळीवर मुकादम आला. 1956 साली नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट या नावानं त्याची नोंद झाली. माणसं आली ती पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी भागातून, आणि डोंगराच्या अलीकडून आमच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले-संगमनेरातून. बहुतेक सगळे मराठा, बहुतेक वारकरी. डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात माळ.

काम कसं चालतं बघा. सकाळी नऊच्या आसपास घरोघरी जाऊन डबे उचलायचे. जवळच्या स्टेशनवर आणून उतरतील त्या स्टेशनाप्रमाणं लावायचे. लाकडाची लांब पाटी डोक्यावर, तीत तीस-चाळीस डबे, वजन साठ किलोच्या घरात. लोकलच्या सामानाच्या डब्यात चढायचं, चर्चगेटला नाहीतर व्हीटीला उतरायचं, परत वाटणी, आणि साडेबारा-एकच्या आत साहेबाच्या टेबलावर डबा. दुपारी रिकामा डबा त्याच वाटेनं घरी. झाकणावर रंगानं अक्षरं आणि आकडे असतात. कुठल्या स्टेशनाचा, कुठल्या इमारतीचा, कितव्या मजल्यावरचा, ते त्यावरून कळतं. आधीच्या काळात रंगीत दोरे, चिंध्या बांधायचे. अक्षर न शिकलेल्या माणसानं ही व्यवस्था उभी केली, तिला सलामच केला पाहिजे. 2003 साली इंग्लंडचा युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन डबेवाल्यांना भेटून गेला. 2010 साली हार्वर्डच्या लोकांनी त्यांच्यावर अभ्यास लिहिला. पाच हजार माणसं, दोन लाख डबे, असा आकडा सगळीकडं छापला गेला.

पण दोस्तहो, ह्या सगळ्या कौतुकात एक प्रश्न कोणी विचारत नाही. मुंबईच्या कारकुनाला घरचाच डबा का पाहिजे होता?

उत्तर देणारे म्हणतात, मुंबईत नाना प्रांतांचे लोक, ज्याची त्याची चव वेगळी. खरं आहे. अंतर वाढलं होतं, तेही खरं. कचेऱ्या कोटात, बिऱ्हाडं गिरगाव, दादर, पुढं पार उपनगरात. सकाळच्या गाडीला मुंगीला शिरायला जागा नाही, तिथं डबा घेऊन कोण चढणार? हेही खरं. पण ह्या सगळ्याच्या खाली अजून एक गोष्ट बसलीय, तिला चव म्हणत नाहीत. तिला सोवळंओवळं म्हणतात. कोणी रांधलं, कोणाच्या चुलीवर, कोणाचा हात लागला, हा विचार ह्या देशात जेवणाच्या आधी येतो. रोटीबंदी आणि बेटीबंदी ही जातीची दोन कुलपं. शहरात आल्यावर ट्रामच्या बाकावर जात पाळता येईना, लोकलच्या गर्दीत पाळता येईना, तेव्हा ती दुपारच्या जेवणात पाळली गेली. डब्याला घट्ट झाकण असतं. आपापली जात आपापल्या डब्यात बंद करून कचेरीत न्यायची सोय झाली.

आता जो डबा शिवाशिवीपासून वाचवून न्यायचा, तो नेणारा कोण असणार? ज्याच्या हातचं पाणी चालतं तोच. महारानं डबा उचलू नये असा नियम मला कुठल्या कागदावर सापडला नाही. लिहायची गरजच काय होती? मुकादम आपल्या गावातला माणूस आणायचा, त्याच्या मागनं त्याचा भाऊ, भावाच्या मागनं मेहुणा. लाईनीतली जागा घरातल्या घरात फिरली. भावकीनं दाराला कडी घातली की वेगळं कुलूप लागत नाही.

इथं मला आजीची गोष्ट सांगायला पाहिजे.

आजी लहान असताना महारकी चालू होती. महार म्हणजे गावाचा ओझेवाला. सरकारी टपाल महारानं न्यायचं, साहेबाचं सामान महारानं न्यायचं, सारा भरायला जाणाऱ्या पाटील-कुलकर्ण्यांबरोबर महारानं चालायचं, मयताचा सांगावा दहा कोस महारानं पोचवायचा, मेलेलं ढोर महारानं ओढायचं. रात्र असो की पाऊस. गावातलं प्रत्येक ओझं आमच्या डोक्यावर होतं. फक्त दोन ओझी नव्हती. शिजलेलं अन्न आणि प्यायचं पाणी.

आणि ह्या सगळ्या कामाची मजुरी काय? सुगीला बलुतं आणि दिवस मावळताना भाकरी. आजी सांगते, "माही आई टोपलं घेऊन घरोघर जायची. वाड्याच्या बाहेर उभं राहून आवाज द्यायचा. मंग कोनी तरी यायचं आन् वरूनच भाकर टाकायचं. कवा ताजी, कवा सकाळची, कवा बुरसलेली. टोपल्यात साऱ्या घरच्या भाकरी एक व्हायच्या." आजी पुढं एक वाक्य बोलते ते मी विसरत नाही. "आमच्या टोपल्यात गावातल्या साऱ्या जाती एकजागी जेवायला बसायच्या."

बघा दोस्तहो. गावात आमची बाई दारोदार फिरून शिजलेलं अन्न गोळा करत होती, आणि त्याच तालुक्यातला दुसरा माणूस मुंबईत दारोदार फिरून शिजलेलं अन्न गोळा करत होता. दोघंही दारात उभे राहायचे, दोघांच्याही डोक्यावर दुसऱ्याच्या चुलीवरचं अन्न. एकाला नंतर हार्वर्डनं वाखाणलं. दुसरीला गावानं लाचार म्हटलं. तिनं दिवसभर काम केलं होतं, ती मजुरी मागत होती. पण मजुरी भिकेसारखी दिली की मागणाराही स्वतःला भिकारी समजायला लागतो.

ही लाचारी बाबासाहेबांनी ओळखली होती. 1927 च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळंपाकं, उष्टं घेणं सोडा. पाणी हक्कानं घ्या आणि भाकर लाचारीनं घेऊ नका, ह्या दोन गोष्टी त्यांनी एकाच मांडवात सांगितल्या. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. ते काम पुरं व्हायला 1958 चा कायदा यावा लागला. त्याच्या दोन वर्षं आधी, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आजी म्हणते, आमच्या वाड्यातल्या बायांनी टोपलं कायद्याची वाट न बघता टाकलं. दीक्षेच्या पुढच्या पावसाळ्यात घरात उपास पडले, पण टोपलं परत काढलं नाही.

बाबासाहेबांना डब्याचं दुःख पुस्तकातून कळलेलं नव्हतं. 1901 ची गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. सुभेदार रामजी तेव्हा बाहेरगावी खजिन्याच्या नोकरीवर होते. साताऱ्याहून भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचा अशी पोरं वडलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, तोही पोरांनी स्वतः बैल हाकायचे ह्या अटीवर. पोरांच्या बरोबर घरून बांधून दिलेलं भरपूर जेवण होतं. पण पाणी कोणी देईना. नाक्यावरच्या माणसानंही दिलं नाही. अन्न जवळ असून पोरं रात्रभर उपाशी राहिली.

मित्रांनो, डबेवाल्याच्या इतिहासात हा डबा कुठंच नाही. भरलेला डबा आणि उपाशी पोर. आपला इतिहास ह्या डब्यापासून लिहायला पाहिजे.

आता गिरणीकडं येऊ. मुंबईत पहिली कापडगिरणी 1850 च्या दशकात उभी राहिली. नंतर हजारांनी माणसं घाटावरून आणि कोकणातून आली. आपली माणसं गिरणीत शिरली, पण कुठं? रिंग खात्यात. जिथं पगार कमी तिथं. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त, पण तिथं आपल्याला मज्जाव. कारण काय होतं? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागायचं. एकच धोटा दोघातिघांच्या तोंडाला लागायचा. महाराचं तोंड लागलेला धोटा मराठा कामगार तोंडाला लावणार नाही, म्हणून महार साचेखात्यात नको. मालकाला कापडाशी मतलब, पण कामगारानंच कामगाराला अडवलं.

1928 साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलात सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं की अस्पृश्यांना सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क ही मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर माझ्या माणसांना मी संपात राहा म्हणून सांगणार नाही. पुढाऱ्यांनी नाइलाजानं ती मागणी घातली. तेव्हा मालक काय म्हणाले? हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, तुमच्याच लोकांचा आहे. मालकानं लबाडीनं सांगितलेलं ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबतं.

आता धोटा आणि डबा शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडं गोष्ट तोंडाची आहे. आपलं तोंड लागलेलं सूत त्यांना चालत नव्हतं, आपला हात लागलेली भाकर चालत नव्हती. आपण विणलेलं धोतर मात्र नेसायला चाललं असतं, कारण बाजारात कापडाला कोणी जात विचारत नाही. ज्या वस्तूवर नफा मिळतो तिचा विटाळ धुऊन निघतो. पोटात जाणाऱ्या घासाचा निघत नाही.

गिरणगावात बहुतेक कामगार डबेवाल्याचे गिऱ्हाईक नव्हते. ते खानावळीत जेवत. कोणाची तरी बायको, कोणाची तरी विधवा बहीण दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस माणसांचं रांधायची. महिन्याच्या पगारावर हिशोब. खानावळ गावागावाची, जातीजातीची वेगळी. आपली माणसं डिलाईल रोड, वरळी, नायगावच्या बीडीडी चाळीत आपल्याच लोकांत जेवायची. 1974 साली गिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला, तेव्हा ह्या बायांनी उधारीवर कामगारांना जेवू घातलं. स्वतः सावकाराच्या दारात उभ्या राहिल्या. त्यातून 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पहिल्यांदा चौदा बाया, त्यांना बँकेचं छोटं कर्ज. तोवर ज्या बाईच्या जिवावर गिरणगाव जगलं तिला कामगार म्हणून कोणी मोजलंच नव्हतं. डब्याच्या झाकणावरही इमारत लिहिलेली असते, मजला लिहिलेला असतो. पहाटे उठून रांधणाऱ्या बाईचं नाव नसतं.

कोणी म्हणेल, तू डबेवाल्यावर जळतोस. नाही. डबेवाला माझा दुश्मन नाही. अकोल्याच्या डोंगरात पाऊस लई, पण जमीन पातळ. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. डोंगरातलं पाणी अडलं आणि प्रवरेनं खाली श्रीरामपूर-राहुरीकडं उसाला गेलं. खाली साखर कारखाने उभे राहिले. वरच्या माणसाला भात लावून झाला की पोटासाठी बाहेर पडणं आलंच. तो पाटी डोक्यावर घेऊन पळाला तो भुकेनं. 2020 च्या मार्चमध्ये करोनानं लोकल बंद पडली, तेव्हा डबेही बंद पडले. ज्यांना जगानं वाखाणलं होतं त्यांच्या घरात चूल पेटायची पंचाईत झाली. ना फंड, ना हक्काची भरपाई. कितीतरी जण गावाकडं आले ते परतलेच नाहीत. कौतुक पोटात जात नाही, हे त्यालाही कळलं. त्या दिवसांत तो आणि आपण एका रांगेत उभे होतो. पण रेशनच्या रांगेत शेजारी उभा राहिलेला माणूस माझ्या घरचं पाणी पिईल का, हा प्रश्न तिथंच राहिला.

म्हणून मला डब्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आणणारी दुरुस्ती 1946 ला त्यांनीच मांडली. पाठोपाठ 1948 चा कारखाने कायदा आला. अडीचशेच्या वर कामगार असतील तिथं कँटीन, दीडशेच्या वर असतील तिथं जेवायला खोली, अशी सक्ती त्या कायद्यानं घातली. कायद्याच्या पुस्तकात हे एक रुक्ष कलम होतं. पण विचार करा. एक चूल, एक पातेलं, एक बाक. कोणी रांधलं ते न विचारता सगळ्यांनी खायचं. डब्यानं जे झाकलं ते कँटीननं उघडं करायचं.

झालं का तसं? नुसतं जेवणावळीनं जात जाणार नाही, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच 'जातिनिर्मूलन'मध्ये मांडलंय. सहभोजनं होऊन गेली, जात राहिली. मुळावर, म्हणजे शास्त्राच्या अधिकारावर घाव घातला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतं. पण जिथं सहभोजनसुद्धा होत नाही तिथं मुळापर्यंत पोचणार कसं? आमच्या खात्यात जेवणाच्या सुट्टीत आजही गोल करून बसतात. कोणी कोणाला उठवत नाही, कोणी वाईट बोलत नाही. फक्त गोल आपोआप वेगळे पडतात.

आता घरातलं सांगतो. माझी आई एका शाळेत पोषण आहार शिजवते. शाळेचं नाव लिहीत नाही. ती लागली त्या पहिल्या आठवड्यात निम्म्या पोरांनी घरून डबे आणले. तोवर कोणी डबा आणत नव्हतं. गुरुजी आईला म्हणाले, "ताई, थोडे दिवस थांबता का? लोक शांत झाले की बघू." आई म्हणाली, "भात चुलीवर हाय गुरुजी, आता कशी थांबू?" तिनं शिजवलं. डबे न आणलेली पोरं जेवली. दुसऱ्या दिवशी परत शिजवलं. महिना, दोन महिने. हळूहळू डबे कमी झाले. सगळे नाही. दोन डबे अजून येतात. आई रोज मोजते.

त्या दिवशी मला कळलं की घरचा डबा नुसती सोय नसते, तो बहिष्कारही असतो. कोणी तोंडानं काही बोलत नाही, नुसतं झाकण उघडतं.

आणि आईच्या बाजूनं काय आहे? शाळेत पोरांना शिजवलेलं गरम जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 28 नोव्हेंबर 2001 ला दिला. 20 एप्रिल 2004 च्या आदेशात सांगितलं की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. आजीच्या आईनं टोपल्यात भाकर मागितली, आईच्या हाताला शिजवायचा हक्क कागदावर मिळाला. मधल्या काळात महाड आहे, नागपूर आहे, संविधान आहे. हा हक्क कोणी मेहेरबानीनं दिलेला नाही.

कार्यकर्त्या दोस्तांनो, तुम्ही जयंतीला वर्गणी काढता, मिरवणुकीत नाचता, त्याला माझी ना नाही. पण आपल्या गावातल्या शाळेत कोण शिजवतं, हे बघून या. आपली बाई नेमली नसेल तर का नाही, ते लेखी विचारा. नेमली असेल तर दुपारी जाऊन पंगतीत बसा. घरून किती डबे आले ते मोजा. आणि घरात टोपलं बघितलेली म्हातारी माणसं अजून असतील तर त्यांना बोलतं करा, वहीत उतरवून घ्या. ती गेली की हा इतिहास कोणी आपल्याला सांगणार नाही. डबेवाल्याचा इतिहास लिहायला परदेशातून माणसं आली. टोपल्याचा इतिहास आपल्यालाच लिहायचाय.

दोन डबे राहिलेत. ते बंद व्हायचे आहेत.

जयभीम!